बावीस फूट

रूपरावनं गेरूत भिजवलेलं सूत बल्लीवर ताणून धरलं, चिमटीनं उचललं आणि लाकडावर सोडलं. फट्ट करून लाल रेघ उमटली. रेघेवर करवत टेकवतो न टेकवतो तोच मागून आवाज आला.

“इवाईबुवा, थांबा थांबा. सोळा नोको. बावीस करा.”

त्याच्या पोरीचे, सुरभीचे सासरे सदाशिवराव चहाची बशी तळहातावर तोलत उभे होते. अंगात बनियन, करदोड्याला किराणा दुकानाच्या किल्ल्या. चहा एकट्याचाच होता. रूपरावला विचारण्यात काही अर्थ नाही, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. पोरीला लेकरू होईपर्यंत तिच्या सासरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हे रूपराव कडक पाळायचा. हिंगणघाटच्या अलीकडे त्याचं गाव. तिथून मोटरसायकलला पाण्याची कॅन अन् डबा बांधून सकाळी बोरगाव मेघेत यायचा आणि दिवस मावळायच्या आत परत निघायचा.

“बावीस फूट?” त्यानं करवत खाली घेतली. “गाडी त चौदा फुटाची बी नाई.”

“असू द्या ना.”

“पुढं वाढन का गाडी?”

सदाशिवराव पोट हलवून हसले. “तसं नाई हो. मागं थोडं सामानसुमान. कोपरा उगाच पडून राहते.”

“बल्ल्या अठरा फुटाच्या आहेत. जोड द्यावा लागन. दोन खांब अजून लागतीन.”

“मंग द्या जोड. तुमच्या हातचा जोड आहे, कोनाले दिसनार आहे?”

रूपरावनं चिंधी ओली करून ती लाल रेघ पुसून टाकली.

संक्रांतीला हे लोक गावी आले होते तेव्हा विषय निघाला. धीरजनं, म्हणजे जावयानं, पांढरी गाडी घेतली होती, सेकंडहँड पण चकचकीत. अंगणात उन्हात उभी राहते, रंग उडेल, गॅरेज पाहिजे, असं निघालं. सदाशिवराव म्हणाले होते, लग्नात आम्ही काही मांगतलं का? नाई ना? आताबी मांगत नाई. सामान आमचं. फक्त तुमच्या हातात कला आहे, थे पाह्यजे. रूपरावनं तरुणपणी हिंगणघाटच्या एका जिनिंगमधे सुताराच्या हाताखाली सात वर्षं काढलेली. शेती होतीच, पण हात लाकडावर बसला तो बसलाच. तेव्हा शकुबाईनं, त्याच्या बायकोनं, स्वयंपाकघरातून त्याच्याकडे पाहिलं होतं आणि मान हलवली होती, हो म्हणा अशी. पोरगी त्यांच्या घरात होती. नाही कसं म्हणणार?

तर निलगिरीच्या बल्ल्या आल्या, आरामशीनवरून चिरलेल्या रीपा आल्या, टिनाचे पत्रे आले. सहाच्या ऐवजी आठ खड्डे खणले गेले. खांबांच्या बुडाला डांबर लावून रूपरावनं एकेक खांब उभा केला, ओळंबा सोडून पाहिला, पुन्हा हलवला, पुन्हा पाहिला. मदतीला कोणी नव्हतं. धीरज सकाळी गाडी पुसून कॉलेजात जायचा. तिथं तो क्लार्क होता. जाता जाता म्हणायचा, “मामाजी, बम मस्त होऊन राह्यलं.” तेवढीच त्याची मदत.

दुसऱ्या दिवशी मागच्या सहा फुटांना आडवं पार्टिशन सांगितलं गेलं. मग पार्टिशनला दार. संध्याकाळी निघायच्या वेळेला ओटा.

“ओटा कायले?”

“ओल येऊ नये मनून,” सदाशिवराव म्हणाले. त्यांची नजर मात्र खांबाच्या टोकावर होती.

रूपरावनं मनाशी हिशेब जुळवला. दुकान आहे, साखरेचे कट्टे असतील, तांदूळ असेल. माल ठेवायला जागा पाहिजे आणि गोदाम म्हणायची लाज वाटते, म्हणून गॅरेज म्हणतात. व्यापारी माणूस. त्याला थोडा राग आला, थोडं हसू आलं. पण मालाला ओल लागली तर बोल सुरभीलाच लागेल, म्हणून त्यानं ओटा गुडघ्याएवढा उचलला आणि वरून सिमेंट नीट घोटलं.

पाचव्या दिवशी तो वर होता. छपराच्या कैच्या चढल्या होत्या. मागच्या बाजूचे दोन पत्रे ठोकून झाले होते, पुढचं सगळं उघडं. दोन्ही बाजूंना पाय सोडून तो आडव्या बल्लीवर बसला होता. तोंडात खिळे, हातात हातोडी. मार्च संपत आला होता आणि दहालाच टिनाकडे पाहवत नव्हतं. वरून घराचा मागचा भाग सगळा दिसायचा, मोरी, तुळस, स्वयंपाकघराचं दार, बाजूला जिना. दोन दिवस त्याला वरून सुरभी दिसत होती. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. मधेच वर पाहून ती हात हलवायची. आज मात्र सकाळपासून दिसली नव्हती.

मग विहीणबाई दारातून निघाल्या. हातात ताट नव्हतं, नुसती पोळी आणि तिच्यावर भाजी. त्या चालत चालत गॅरेजच्या मागच्या कोपऱ्याशी आल्या. रूपराव वाकला. दोन पत्र्यांच्या सावलीत, ओल्या ओट्याच्या बाजूला, पोत्यावर सुरभी बसली होती. तिच्यापुढं एक स्टीलची ताटली. विहीणबाईंनी हात उंच धरला आणि पोळी वरून ताटलीत सोडली. ती थोडी कडेला पडली. सुरभीनं ती मधे सरकवली. विहीणबाई परत गेल्या, जाताना मोरीवर हात धुतले.

रूपरावच्या तोंडातले खिळे कडू लागले. त्यानं ते हातावर काढले, आणि काढता काढता हातोडी सुटली.

हातोडी सुरभीपासून चार हातांवर पडली. ती दचकून उठली.

“बाबा! पाहून जरा. डोस्क्यावर पडली असती म्हंजे?”

ती हसत होती. तिनं हातोडी उचलली, बल्लीखाली आली, टाचा वर करून हात लांबवला. रूपरावनंही वाकून हात खाली केला. एक वीत अंतर राहिलं असेल. तेवढ्यात तिचा हात थांबला. तिनं तो मागं घेतला, खाली वाकून हातोडी मातीवर ठेवली आणि तोंड त्याच्याकडेच ठेवून मागं सरकली. एक, दोन, तीन पावलं.

“ठेवली, बाबा. घ्या.”

ती तीन पावलं या घरातली नव्हती. ती रूपरावच्या अंगणातली होती. तिथं शकुबाई पाण्याचा गडवा जमिनीवर ठेवून अशीच तीन पावलं मागं व्हायची, मग रूपराव तो उचलायचा. सुरभी लहान असताना तिथंच खेळत असायची. तिला हे कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

तो शिडीवरून उतरला. हातोडी उचलली. पोरीकडे न पाहता म्हणाला, “इथं काऊन बसली?”

“सावली आहे.”

“हे बावीस फूट याच्यासाठी का?”

सुरभीनं पोत्याचा एक दोरा ओढला. तो निघतच राहिला.

“आधी जिन्याखाली बसावं लागे,” ती म्हणाली. “तिथं पाय लांब होत नाई, बाबा. आन गल्लीतले पोट्टे येता जाता इचारतेत, काय वैनी, आज सुट्टी का? हसतेत. मनून मीच म्हटलं आत्याबाईले, बाबा करूनच राह्यले, त सहा फूट अजून करून देतीन.”

“तूनं म्हटलं?”

“हाव. दुसरा कोनी मिस्त्री असता त म्हटलं नसतं.” मग ती पुन्हा हसली. “गाडीच्या बाजूले व्हीआयपी रूम. तुमचे जवाई म्हनतेत, एसी बसवून देतो.”

“जवाई काही बोलत नाई का घरात?”

“बोलले होते. दिवाईत. आत्याबाई दोन दिवस जेवल्याच नाई. मंग मीच म्हटलं, राहू द्या.”

रूपराव हातोडीच्या दांड्यावरची माती पुसत राहिला. माती केव्हाच निघाली होती.

“मले सांगाचं होतं.”

“सांगतलं असतं,” सुरभी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, ती खरंच विचारत होती. “त काय केलं असतं, बाबा?”

वरच्या बल्लीवर एक कावळा येऊन बसला होता. रूपरावनं त्याला उगाच हात वारून उडवलं.

इतक्यात विहीणबाई दारातून बोलल्या. “इवाईबुवा, उन्हात काऊन उभे? तिकडे निंबाखाली बसा ना जरा.” त्या बाईंचं बोलणं गोडच होतं, आणि त्यात खोट नव्हती. “पाहा, आमच्या टाइमले ढोराच्या कोठ्यात बसत होतो आमी. गोचीड चावे. हिचं नशीब पाहा, बापाच्या हातचं छप्पर भेटलं.”

सुरभी ताटलीकडे पाहत होती. रूपरावनं मान डोलावली. ती का डोलावली, हे त्याला नंतर कितीदा आठवूनही समजलं नाही.

बारा वाजता सदाशिवराव दुकानातून जेवायला आले तेव्हा त्यानं त्यांना फाटकाशीच गाठलं. सकाळपासून वाक्य जुळवून ठेवलं होतं. आजकालचे दिवस, शिकलेली पोरगी, घरात तीन खोल्या, असं सगळं. पण समोर आल्यावर सुरुवातच सापडेना. हातातली पेन्सिल तो कानावर ठेवायचा, काढायचा.

“काय झालं? सामान कमी पडलं का?”

“सामान नाई. थे मागचं... सुरभी तिथं बसली आहे.”

सदाशिवराव जरा ओशाळले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग रूपरावच्या खांद्यावर हात ठेवून आवाज उतरवला. “इवाईबुवा, हे बायाइचं खातं आहे. आपन मानसाइनं काय बोलावं यात? आमच्या इच्या डोक्यात देवाधर्माचं बम. पोथी चालू असते घरात.” थोडं थांबून त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, “तुमच्या इकडे नाई पाळत का?”

रूपरावच्या मोटरसायकलला पाण्याची कॅन लटकत होती. सदाशिवरावांनी तिच्याकडे बोट दाखवलं नाही. पण त्यांची नजर तिच्यावरून गेली.

“पाळते,” रूपराव म्हणाला.

“मंग?” असं म्हणून सदाशिवराव घरात गेले.

काम बंद करावं, सामान बांधावं, निघून जावं, असं रूपरावच्या मनात आलं. त्यानं करवत पोत्यात गुंडाळलीसुद्धा. मग जिना दिसला. जिन्याखालची ती तिरपी जागा, झाडू, बादली, फाटकी चटई. उंच माणूस तर सोडाच, सुरभीसारखी बुटकी पोरगीही तिथं गुडघे पोटाशी घेऊनच बसेल. आपण गेलो तर ती परत तिथं. त्यानं करवत पोत्यातून काढली.

डबा घेऊन तो नाल्याकडच्या बाभळीखाली गेला. उघडला नाही. शकुबाईला फोन लावला.

“जेवले का?” तिकडून तिनं विचारलं. तिचं पहिलं वाक्य हेच असायचं.

“हाव.”

“वांग्याचं कसं झालतं?”

“बरं झालतं.” तो थांबला. “थे मागं सहा फूट कायले पाह्यजे होतं, समजलं.”

“कायले?”

“सुरभीले. बसाले.”

तिकडं बकरी ओरडली, पत्र्याचं काहीतरी सरकलं. शकुबाई बाहेर आली असावी.

“टिन तापते,” ती म्हणाली. “खालून काही लावून राह्यले का?”

“नाई.”

“पऱ्हाटीची ताटी लावा खालून. आपल्या वावरात कापसाच्या काड्या पडून आहेत, उद्या गाडीले बांधून नेजा. ओटा किती केला?”

“गुडघ्याएवढा.”

“एक वीत अजून घ्या. खालून इचू चढते. आन खिडकी रस्त्याकडे नोको. मागं नाल्याकडे ठेवजा, पन ओट्यावर बसलं त बाहेरचं दिसलं पाह्यजे. नाई त दिवस जात नाई.”

रूपरावनं कानावरची पेन्सिल काढली. खिशात रीपेचा एक तुकडा होता, त्यावर तो लिहू लागला. शकुबाई न थांबता सांगत होती. खुंटी कुठं, पाण्याचा माठ कोणत्या हाताला, पावसाची झड कुठून येते आणि पत्रा तिथं किती बाहेर काढायचा. ती एकदाही अडखळली नाही, विचारातही पडली नाही. महिन्याचे चार दिवस ती ज्या ढोरांच्या कोठ्यात काढायची, त्याबद्दल तीस वर्षांत त्यानं तिला एक शब्द बोलताना ऐकलं नव्हतं. त्यानंही कधी विचारलं नव्हतं. रीपेच्या तुकड्याची एक बाजू भरली, त्यानं तो उलटा केला.

“आन कडी आतून लावजा,” शकुबाई म्हणाली.

“आतून? बाहेरून कडीकोंडा आहे ना.”

“बाहेरून असू द्या. आतून लावजा.”

“गॅरेजले आतून कडी कायले?”

फोन कट झाला असं वाटून त्यानं कानापासून काढून पाहिला. सेकंद पळत होते.

“अवं? आहे का?”

“आपल्या कोठ्याले आतून कडी नोती,” शकुबाई म्हणाली.

“मी त भाईर ओट्यावरच झोपत होतो.”

“हाव. झोपत होते.”

“काऊन?” त्याचा आवाज एकदम चढला. बाभळीखाली झोपलेलं कुत्रं उठून बसलं. “काही झालतं का? कोन आलतं का तिथं?”

“मोठी पाहून आनजा,” शकुबाई म्हणाली. “हलकी नोको.”

आणि मग फोन खरंच बंद झाला. त्यानं परत लावला. रिंग वाजली, वाजत राहिली. पुन्हा लावला. कोठ्याच्या आसपास त्या काळात कोण कोण येत होतं, त्यांची नावं तो एकामागं एक आठवू लागला. सालदार. चुलतभाऊ. दुधाला येणारा. एकेक चेहरा समोर यायचा. त्यातले निम्मे आता मेलेले होते. उरलेल्यांच्या घरच्या लग्नांत तो जेवला होता.

हार्डवेअरच्या दुकानातल्या हिरालालनं कड्यांचा खोका पुढं केला.

“केवढ्या दाराले?”

“अडीच फुटी. आतून लावाची आहे.”

“आतून त मंग ही छोटी चालते. चार इंची.”

“सगळ्यात मोठी दे.”

“अहो काका, ही कंपाउंडच्या गेटची आहे. दारापेक्षा कडी भारी होईन.”

“दे म्हटलं ना बे!” रूपराव असा ओरडला की बाजूचं गिऱ्हाईक वळून पाहायला लागलं. हिरालालनं कडी कागदात न गुंडाळताच त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं झालं. मागच्या सहा फुटांना पत्र्याच्या भिंती लागल्या, वर पत्र्याखाली पऱ्हाटीची ताटी बसली. ओटा एक वीत वाढला. खिडकी नाल्याकडे निघाली. शेवटी रूपरावनं पार्टिशनचं दार लावलं आणि आतल्या बाजूनं कडी धरून भोकं पाडायला लागला. सदाशिवराव डोकावले, कडीकडे पाहिलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि दुकानात निघून गेले.

सुरभी अंगणात तिच्या पोत्यावर बसून होती. रूपरावनं दारातून तिला हाक मारली.

“इकडे ये. मी आतून लावतो. तू बाहेरून ढकलजो.”

“मी कायले? बाबा, मी आज...”

“ये म्हटलं ना.”

तो आत गेला. दार लावलं, कडी सरकवली. आत अंधार नव्हता. नाल्याकडून उजेड येत होता, ताटीला कोरड्या पऱ्हाटीचा वास होता. सहा फूट. तो मधोमध उभा राहिला तर पार्टिशन आणि मागची भिंत, दोन्हीपर्यंत हात पुरत होते.

“ढकल.”

दार जरासं हललं.

“जोरात.”

“ढकलून राह्यली ना.”

“खांदा लाव. मानूस ढकलते तसं.”

बाहेर पावलं मागं सरकल्याचा आवाज आला. मग दारावर धाडकन खांदा बसला. कडी खणकली. चौकट गच्च राहिली.

“अजून,” रूपराव म्हणाला.

पुन्हा धडक बसली. आणि पुन्हा. तिसऱ्या वेळेला तिचा श्वास फुललेला ऐकू आला.

“नाई उघडत, बाबा,” सुरभी म्हणाली. “पक्की आहे.” थोड्या वेळानं दारावर बोटांची टकटक झाली. “बाबा? झालं ना. उघडा आता.”

रूपरावचा हात कडीपर्यंत गेला आणि तिथंच राहिला. त्यानं खिशातून पेचकस काढला आणि कडीचा वरचा स्क्रू, जो आधीच पुरता बसलेला होता, पुन्हा आवळायला घेतला.